महिलांच्या कप्प्यातला लॅपटॉप

आठवडा ४१. राय धान्याच्या पिठाचं आंबवण. पहिलं दीडला, दुसरं साडेतीनला. मास्टर म्हणतात, पिठाचं ऐकायला शिक. मी कान लावला. पीठ काही बोललं नाही.

*

बंदराच्या रस्त्यावर एका सीगलनं एका बाईच्या हातातला माशाचा पाव पळवला. बाईनं आधी सीगलला शिव्या दिल्या, मग पाववाल्याला.

*

पुरुष ३९ ते ४६. महिला ३६ ते ४२. मुले.

*

आत डोकावायचं नाही. आपण पुसतो, वाचत नाही.

*

E ची कळ दाबली की कधी अक्षर उमटतं, कधी नाही. जर्मन भाषेत E वाचून कुणाचंच पान हलत नाही.

*

एकतीस टक्के.

*

बुधवारी सकाळी दहाला दहा मिनिटं कमी असताना गेझीना ल्युबेन फोन कानाला लावून महिलांच्या कप्प्यासमोर उभी होती आणि कप्पा रिकामा होता.

म्हणजे अगदी रिकामा नव्हता. चार यंत्रं होती. पाचवं नव्हतं.

ब्रेमरहाफेनच्या लेहे भागातलं हे दुकान पूर्वी चपला-बुटांचं होतं. मालक गेला, दुकान बंद पडलं, भाडं परवडेना म्हणून कुणी घेईना, आणि मग सहा वर्षांपूर्वी एन्नो आणि गेझीनानं ते घेतलं. लोकांनी टाकून दिलेले संगणक इथं येतात, साफ होतात, त्यांत लिनक्स ही मोफत प्रणाली घातली जाते, आणि ज्यांना विकत घेणं शक्य नाही त्यांना ते फुकट मिळतात. भिंतीला जुने कप्पे तसेच आहेत, वरच्या पाट्याही तशाच. त्यामुळे दान आलेली यंत्रं ‘पुरुष’मध्ये. दुरुस्तीला परत आलेली ‘महिला’मध्ये. तयार झालेली ‘मुले’मध्ये. नवा स्वयंसेवक पहिल्या दिवशी हसतो, दुसऱ्या दिवसापासून त्याच्याही तोंडात तेच बसतं.

फोनवर योर्दानोस होती. बेकरीतून बोलत होती, मागे कुणीतरी भट्टीचे पत्रे आपटत होतं.

"फ्राऊ ल्युबेन, झाली का हो कळ? घाई करत नाहीये मी. पण खरं सांगू, करतेय."

"होतेय," गेझीना म्हणाली. "चारला ये."

"चारला येते, तिथंच छापते. मास्टर शुक्रवारी सगळ्यावर सह्या करणार. तीन वर्षं नुसतं ‘नंतर एकदम करू’ म्हणत होते. आता ते एकदम आलंय."

"ये ये."

"सगळी वही त्यातच आहे," योर्दानोस म्हणाली आणि हसली. "सांभाळा हं."

फोन बंद झाला. गेझीना तशीच उभी.

सकाळी नऊ वाजता वरच्या मजल्यावरच्या कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी छतातून नेमकं महिलांवर गळायला लागलं होतं. तिनं पाचही यंत्रं उचलून पुरुषांत ठेवली होती, बादली लावली होती, वर जाऊन भांडून आली होती, कप्पा पुसला होता, आणि यंत्रं परत ठेवली होती. सगळी. तिला वाटलं होतं, सगळी. मग साडेनऊला एन्नोनं हाक मारली होती, "गेझीना, पुरुषांतली पाच लाव गं पुसायला," आणि तिनं पुरुषांतली पाच उचलून लांब टेबलावर ओळीनं मांडली होती.

ती टेबलाकडे वळली.

पाच पडदे. पाच काळ्या पडद्यांवर पाच पांढरे आकडे. प्रत्येकात एक यूएसबीची कांडी खोचलेली. यंत्राची स्वतःची प्रणाली सुरूच होऊ द्यायची नाही, सरळ कांडीवरून पुसायचा कार्यक्रम चालवायचा, हा इथला नियम. दुसऱ्याचे फोटो, दुसऱ्याची पत्रं, दुसऱ्याचं नावसुद्धा नजरेला पडू नये म्हणून. गेझीनानंच तो नियम केला होता. तिनंच ‘आपण पुसतो, वाचत नाही’ ही भिंतीवरची पाटी रंगवली होती. यंत्र नेहमीसारखं सुरू केलं असतं, तर पहिल्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत योर्दानोस असं आलं असतं.

चौथ्या यंत्राची E ची कळ किंचित वाकडी होती.

एकतीस टक्के.

तिनं विजेची वायर उपटली. पडदा तसाच. लॅपटॉप होता तो, पोटात बॅटरी होती, आणि बॅटरी तिनं स्वतःच गेल्या वर्षी शोधून शोधून चांगली घातलेली. पुसणं चालूच. तिनं कांडी उपटली. तरी चालूच, कार्यक्रम केव्हाच स्मृतीत चढला होता. तिनं यंत्र उलटं केलं, दोन खटके, एक डावीकडे एक उजवीकडे, दोन्ही एकदम सरकवायचे असतात, आणि तिच्या हातांना आज दोन अंगठे आहेत हेच जणू लक्षात येत नव्हतं.

"एन्नो! एन्नो!"

बॅटरी निघाली. पडदा गेला. शेवटचा आकडा तिला दिसला होता.

बत्तीस.

*

काय सांगायचं, मसुदा पहिला:

योर्दानोस, एक छोटीशी अडचण आली आहे.

(नाही. छोटीशी म्हणणारा माणूस आधीच खोटं बोलतोय.)

*

एन्नो बेरेन्ड्स एकाहत्तर वर्षांचा. तीस वर्षं जहाजांवर रेडिओ सांभाळला. आवाज न चढवता बोलायची त्याला सवय, कारण चढवलेला आवाज बिनतारीत फाटतो. तो मागच्या खोलीतून पेचकस हातात घेऊनच आला, टेबलाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या बॅटरीकडे पाहिलं.

"कुणाचं?"

"योर्दानोसचं."

"बेकरीवाली?"

"तिची वही आहे त्यात. सगळी. तीन वर्षांची."

एन्नो स्टुलावर बसला. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. जर्मनीत धंदा शिकणाऱ्यानं दर आठवड्याला लिहायचं असतं, काय केलं, काय शिकलं. मालकानं सही करायची असते. वही पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसू देत नाहीत. मग तुमचा पाव शहरात सगळ्यांत चांगला का असेना. छत्तीस वर्षांची बाई, दोन मुलं, रोज रात्री एकला उठून कामावर; आणि परीक्षा हुकली तर राहण्याच्या परवान्याचं काय, हा प्रश्न दोघांपैकी कुणीच तोंडानं काढला नाही.

"किती गेलं?"

"बत्तीस टक्के."

"पुसणं पुढून सुरू होतं," एन्नो म्हणाला. तो स्वतःशीच बोलत होता. "पुढं प्रणाली. ती गेली, जाऊ दे, प्रणाली फुकट आहे. साधारण वीस टक्क्यांपर्यंत ती. मग तिच्या घराचा, म्हणजे तिच्या फायलींचा, भाग सुरू."

"म्हणजे बारा टक्के घरातले गेले."

"हो. आणि घराच्या दारात जी यादी असते, कोणती फाईल कुठं, ती नेमकी त्या बारात." त्यानं डोकं खाजवलं. "सामान असेल. पत्ता नसेल."

"अजून एक प्रत असेल तिच्याकडे. मी प्रत्येकाला सांगते, दोन ठिकाणी ठेवा."

"तू सांगतेस. लोक मान डोलावतात. मीही डोलावतो. माझ्या नातवंडांचे फोटो किती ठिकाणी आहेत विचार."

"किती?"

"एका."

तिला हसू आलं नाही. तिनं हात पुढं केला यंत्राकडे. एन्नोनं तिच्या मनगटावर पेचकस आडवा धरला.

"हात लावू नकोस. सुरू करायचं नाही, काही लिहायचं नाही. डिस्क बाहेर काढायची, आख्खीची प्रत घ्यायची, आणि जे काय करायचं ते प्रतीवर. तोपर्यंत श्वाससुद्धा जपून घे."

*

मसुदा दुसरा:

योर्दानोस, माझ्याकडून चूक झाली. तुझं यंत्र पुसलं गेलं.

(पुसलं गेलं. कुणी पुसलं? पावसानं?)

*

प्रत व्हायला दीड तास लागला.

त्या दीड तासात गेझीनानं बादली दोनदा रिकामी केली. एक म्हातारा छपाईयंत्र मागायला आला, त्याला तिनं संगणकाचा पडदा दिला, तो तक्रार न करता घेऊन गेला, आणि मग तिला कळलं, आणि ती त्याच्या मागं रस्त्यावर धावली. बेकरी दोन गल्ल्या पलीकडे होती. वारा तिकडून होता. तिला पावाचा वास आला आणि ती तशीच परत फिरली; छपाईयंत्र म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी मिळालं.

अकरा वाजता योर्दानोसची पाळी संपते. सव्वाअकराला ती या रस्त्यानं घरी जाते, काचेतून हात हलवते. सव्वाअकराला गेझीना मागच्या खोलीत जाऊन दाराआड उभी राहिली. त्रेसष्ट वर्षांची बाई, सदतीस वर्षं बंदर कार्यालयात भरती-ओहोटीचे तक्ते काढलेली, एकदाही चुकीची वेळ न छापलेली. दाराआड.

"गेली," एन्नो बाहेरून म्हणाला. "हात हलवला. मीही हलवला. मला इतकं नीच आयुष्यात कधी वाटलं नव्हतं."

*

प्रतीवर त्यानं एक कार्यक्रम सोडला. तो यादी वगैरे बघत नाही, डिस्कचा इंच न् इंच चाचपतो आणि कागदपत्रासारखं काही लागलं की बाहेर काढून ठेवतो. नाव नाही, तारीख नाही, नुसता एक लांब आकडा. एक वाजेपर्यंत असे चारशे बारा तुकडे निघाले.

"चारशे?" गेझीना उभी राहिली. "म्हणजे सगळं आलं!"

"बस खाली. जुन्या, खोडलेल्या प्रतीपण आल्यात. एकच आठवडा चारदा असेल, आणि एखादा एकदाही नसेल. आता बघावं लागणार."

"बघावं म्हणजे?"

"उघडून. वाचून. आठवड्याचा आकडा आतच लिहिलेला असणार ना."

दोघांनी एकाच वेळी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं आणि एकाच वेळी नजर काढली.

"आधी तिला विचारू," गेझीना म्हणाली.

"विचार. ती झोपलीय. रात्री एकला उठलेल्या बाईला दुपारी एकला उठव आणि सांग."

गेझीनानं फोन हातात घेतला. ठेवला. घेतला. ठेवला.

"निम्मे तू, निम्मे मी," ती म्हणाली. "वरचा आकडा बघायचा फक्त. मजकूर नाही."

आकडा मजकुरातच होता. योर्दानोस कुठं ओळीच्या सुरुवातीला लिहायची, कुठं शेवटी, कुठं विसरून जायची आणि मग अंदाज बांधायला आख्खं पान वाचावं लागायचं.

आठवडा ३. पीठ चाळणे, पत्रे धुणे, पत्रे धुणे, पत्रे धुणे.

आठवडा १९. आज पहिल्यांदा माझे ब्रोचन, छोटे गोल पाव, दुकानात ठेवले. एका माणसानं सहा घेतले. मी खिडकीतून बघितलं, चांगला दिसत होता.

आठवडा ५६. वर्गात आंबवणाचं रसायनशास्त्र. आमच्याकडे आई हेच करते, रसायनशास्त्राशिवाय.

"गेझीना."

"काय?"

"हे वहीतलं नाही. पत्र आहे. ‘प्रिय भाऊ’ म्हणून सुरू." एन्नोनं चष्मा काढला आणि पडद्यापासून तोंड फिरवलं, जणू त्या खोलीत कुणी कपडे बदलत होतं. "तूच बंद कर. मला कळ दिसत नाहीये."

तिनं बंद केलं. भावाला लिहिलेलं जर्मनमध्ये का, हा विचार तिच्या मनात आला, आणि त्या विचाराची तिला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच तिनं पुढची फाईल उघडली.

पावणेचारला त्यांच्याकडे एकशे एकतीस आठवडे होते. हवे होते एकशे अठ्ठेचाळीस. गेझीनानं नसलेले आकडे कागदावर लिहिले. तिचं अक्षर तक्त्यांसारखं सरळ यायचं. आज सतरावा आकडा कागदाबाहेर गेला.

*

मसुदा सातवा:

मी

*

योर्दानोस चारला पाच कमी असताना आली. केस ओले, हातात कागदी पिशवी, पिशवीत काल उरलेले गोड पाव.

"खसखशीचे," ती म्हणाली. "हेर बेरेन्ड्स, तुम्हाला आवडतात ते. कुठंय माझा?"

कुणी पिशवी घेतली नाही. तिनं एन्नोकडे पाहिलं, मग गेझीनाकडे, मग टेबलावर पोट उघडं टाकून पडलेल्या लॅपटॉपकडे.

"मी तो पुसला," गेझीना म्हणाली. एवढंच बाहेर आलं. मग बाकीचं आलं, उलटसुलट: बादली, पुरुष, बत्तीस, चारशे बारा, सतरा. पिशवी योर्दानोसनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती आणि ती हळूहळू चपटी होत होती.

"सतरा," ती शेवटी म्हणाली.

"सतरा."

"शुक्रवारी मास्टर. सोमवारी परीक्षा मंडळाकडे."

"माहीत आहे."

"तुम्ही वाचलंत?"

"हो."

"सगळं?"

"वहीचं. पत्र लागलं एक, ते बंद केलं. पहिली ओळ एन्नोनं पाहिली. मी पाहिली नाही." ती थांबली. "मीही पाहिली. प्रिय भाऊ."

योर्दानोस बुटांच्या जुन्या बाकावर बसली, जिथं पूर्वी लोक माप द्यायला बसायचे. वरून एक थेंब बादलीत पडला. मग दुसरा.

"तो जर्मन शिकत होता," ती म्हणाली. "मी त्याला जर्मनमध्ये लिहायचे, तो चुका काढून पाठवायचा. ते पत्र पाठवायचं राहिलं." तिनं चपटी पिशवी मांडीवर ठेवली. "आठवडा अठ्ठ्याऐंशी सापडला का?"

गेझीनानं कागद पाहिला. "सापडला."

"नेमका तो सापडला! त्यात मी मास्टरना गाढव म्हटलंय. शुक्रवारच्या आधी काढायचं होतं."

"मी वाचलं ते," एन्नो हळूच म्हणाला. "मला वाटलं, गाढव हा पावाचा प्रकार असेल."

योर्दानोस हसली नाही. पण तिनं चपटी पिशवी त्याच्या हातात दिली.

"सांगा आकडे."

"बासष्ट," गेझीनानं वाचलं.

"बासष्ट कधी येतो?"

"ऑक्टोबरचा शेवट."

"मग श्टोलन. नाताळचा केक. त्याचे मनुके भिजत घालायचे, रमचा वास आठवडाभर केसांतून गेला नाही. मुलगी म्हणाली, आई तू दारू पितेस. लिहा. मुलीचं नको."

गेझीना लिहायला लागली. दुसऱ्या यंत्रावर, ज्याची E धड होती. त्रेसष्ट, चौसष्ट: श्टोलनच. पासष्टमध्ये भट्टी बिघडली होती. चौऱ्याहत्तर म्हणजे फास्टनाख्टच्या, उपासाआधीच्या सणाच्या, आधीचा, तेव्हा तळलेले गोड बर्लिनर, तेलाचं तापमान, मुरांबा भरायची सुई आणि डाव्या हातावर भाजल्याची खूण, जी योर्दानोसनं बाही वर करून दाखवली, पुराव्यासारखी. ब्याऐंशीला ईस्टर, कणकेचे ससे, सशांचे कान भट्टीत पडायचे. तारखा तिला सांगता येत नव्हत्या. पाव सांगितला की तारीख गेझीना काढायची. भरती-ओहोटी काढल्यासारखी, पुढून मागून मोजत.

मध्येच ती थबकली. "हे चालेल का? आठवणीतून लिहिलेलं?"

"आधीचं पण आठवणीतूनच लिहिलं होतं मी," योर्दानोस म्हणाली. "रविवारी. आडवी पडून."

साडेसहाला सोळा झाले. राहिला एकशे एक.

"एकशे एक कधी?"

"जुलैचा शेवट. गेल्या वर्षी."

बाकाच्या कातड्यात एक चीर होती, तिच्यात योर्दानोस नख घालत राहिली. एन्नो उठून पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

"त्या आठवड्यात फोन आला होता," ती म्हणाली. "भावाचा. म्हणजे, भावाबद्दलचा. मी कामावर गेले होते पण. रोज गेले. काय भाजलं, ते मला माहीत नाही. खरंच नाही."

गेझीनाचे हात कळांवर होते. काहीतरी योग्य बोलावं म्हणून ती शब्द शोधत होती आणि सापडत होते ते सगळे छापील होते.

"वहीत काय लिहिलं होतंस?"

"आठवत नाही तेही. काहीतरी लिहिलं होतं. दोन ओळी. त्या गेल्या."

"काय लिहू?"

"पाव," योर्दानोस म्हणाली. "लिहा, मिश्र पिठाचा पाव. तो रोजच असतो."

गेझीनानं लिहिलं. मग आठवडा अठ्ठ्याऐंशीतलं गाढव काढलं, त्या जागी ‘मास्टर’ घातलं. छपाईयंत्र सुरू झालं, एक कागद अडकला, एन्नोनं पाणी टेबलावर ठेवून तो कागद दोन बोटांनी ओढून काढला. एकशे अठ्ठेचाळीस पानं छापून व्हायला अर्धा तास गेला. योर्दानोस प्रत्येक पान उचलून आकडा बघत होती आणि पालथं ठेवत होती.

शेवटचं पान ठेवून तिनं गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला.

"परवा मास्टर वाचत बसले तर?" गेझीनानं विचारलं.

"मास्टर वाचत नाहीत. मास्टर सह्या करतात." ती उठली. "मंडळवाले वाचतात, म्हणे. कधी कधी. कुणाकुणाचं."

दारापाशी एन्नोनं तिच्यासाठी छत्री शोधली, सापडली नाही, म्हणून गठ्ठा बुटांच्या एका जुन्या खोक्यात घालून दिला. "वाईट वाटून घेऊ नकोस गं," तो म्हणाला, कुणाला ते त्यालाही नीट ठाऊक नसावं. "पाच यंत्रं, सगळी काळी. एरवी दुरुस्तीच्या यंत्राला नावाची चिठ्ठी असते. हिची पडली असेल कुठंतरी पाण्यात."

योर्दानोसनं गेझीनाकडे पाहिलं. गेझीना खोक्याकडे पाहत होती.

"पडली असेल," योर्दानोस म्हणाली, आणि गेली.

मंगळवारी लॅपटॉप देताना योर्दानोसनं विचारलं होतं, नावाची चिठ्ठी लावू का, आणि गेझीना म्हणाली होती, कशाला, माझ्या लक्षात राहील.